ऑपरेशनआधीचं केळवण

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी काल रात्री वाचली. मिसळ, पाणीपुरी, वडापाव, आईच्या हातची पुरणपोळी, कोळंबीभात, आमरस, श्रीखंड, मस्तानी... एकूण 19 पदार्थ, आणि खाली प्रश्न: ‘काकू, ऑपरेशनला 25 दिवस राहिलेत. एवढं सगळं बसेल ना?’

या यादीची लाज वाटून घेऊ नकोस. वजन कमी करण्यासाठी जठराचा पाऊण भाग काढून टाकायचा म्हटल्यावर माणसाला जेवणं आठवणारच. मीसुद्धा वहीच्या मागच्या पानावर अशीच यादी केली होती. त्या यादीपायी माझं काय झालं, ते आज तुला लिहिते. घरच्यांखेरीज फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

माझी तारीख ऑगस्टमधली होती. डाएटिशियनबाईंनी आधीच्या 14 दिवसांचा तक्ता हातात दिला होता. दिवसाला 800 ते 1000 कॅलरी, प्रोटीन पावडर, ताक, पातळ सूप, थोडी भाजी, पनीर नाहीतर अंडं. भात, पोळी, साखर, तळण बंद. पहिले चार दिवस मी तो अगदी घड्याळ लावून पाळला. मग गटारी आली. नणंदेकडे मटण शिजलं आणि ती म्हणाली, “वहिनी, तुझा तर आता जन्माचा श्रावण लागणार. आज नाही म्हणू नकोस.” तिच्या पोटात माया होती, वाईट काही नव्हतं. मी मटण-वडे खाल्ले. दोन दिवसांनी जाऊबाईंनी बोलावलं, मग ऑफिसातल्या मैत्रिणींनी. लग्न ठरलेल्या मुलीचं करतात तसं माझं केळवण सुरू झालं, आणि प्रत्येक पानावर मी ‘हे शेवटचं’ म्हणून बसत राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी भूल दिली, पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बीण आत घातली, आणि सर्जननी तिथेच थांबायचं ठरवलं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर टाके होते आणि ऑपरेशन झालेलंच नव्हतं. ह्यांनी माझा हात धरून ते सांगितलं. मला कुणीही एका शब्दाने बोललं नाही. तरी त्या रात्री मी छताकडे बघत जागीच होते.

अडलं होतं ते लिव्हरपाशी. लिव्हरचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पसरलेला असतो. जठरापर्यंत पोचायचं तर तो उचलून बाजूला धरावा लागतो. आपल्यासारख्यांचं लिव्हर आधीच चरबीनं फुगलेलं, जड, आणि उचलायला गेलं की फाटून रक्त येण्याची भीती. शिवाय लिव्हर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आणि एकेक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. दोन आठवडे पिष्ट आणि साखर तोडली की हा साठा उतरतो, त्याच्याबरोबर पाणी उतरतं, लिव्हर आक्रसतं. ते 14 दिवस सर्जनच्या हाताला आत जागा करून देण्यासाठी असतात. मला हे कुणी एवढं फोडून सांगितलं असतं, तर नणंदेच्या दारातूनच मी परत फिरले असते असं मला अजून वाटतं. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, तक्त्यातलं एक ताकही न चुकवता मी पुन्हा गेले. तेव्हा सगळं नीट पार पडलं.

तर तुझ्या 25 दिवसांतले खाण्याचे दिवस फक्त 11. त्यात 19 पदार्थ बसवायचे म्हणजे रोजची गटारी होईल. तू चार निवड. कुठले निवडायचे, त्याबद्दल मला बोलायचंय, कारण तुझी यादी चुकीच्या पदार्थांसाठी हळहळते आहे.

श्रीखंड, आमरस, मस्तानी ही नावं खोड. तुला वाटतंय ती कायमची जाणार, पण स्लीव्ह, म्हणजे जठराची नुसती नळी ठेवणारं हे आपलं ऑपरेशन, झाल्यावर सगळ्यात सहज उतरतं ते हेच. मऊ, पातळ, गोड पदार्थ त्या केळ्याएवढ्या नळीतून सुळकन खाली जातात, पोट भरल्याची खूणच मिळत नाही. दोन-तीन वर्षांनी वजन परत चढलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्या घरी आइस्क्रीमचे डबे आणि चिवड्याच्या बरण्या होत्या. ह्या पदार्थांपासून पुढे तुला स्वतःला जपायचंय. त्यांना निरोप कसला द्यायचा?

खरंच हातातून जाते ती खाण्याची पद्धत. मिसळ घे. तर्री जिभेला लागली की पाण्याचा घोट, परत पावाचा तुकडा, परत घोट. ऑपरेशननंतर जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तासही नाही. पाव तर पहिले काही महिने आत कणकेच्या गोळ्यासारखा अडकतो, छातीत दाटून येतं. पाणीपुरी अख्खी तोंडात टाकायची आणि समोरच्यानं लगेच दुसरी पुढे करायची, ती घाईसुद्धा गेली. पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, आपण नको नको म्हणतो आणि चौथी घेतो, ते गेलं. तहान लागल्यावर घटाघटा तांब्याभर पाणी प्यायचं, तेही गेलं. पहिल्या दिवसांत तर मी 30 मिलीच्या औषधी कपानं, घोट घोट करत पाणी पीत होते. ह्या गोष्टींचा निरोप घे. तुझ्यासाठी मी म्हणेन मिसळ, पाणीपुरी, वडापाव आणि कोळंबीभात.

आणि एकटी खाऊ नकोस. मिसळ बाबांबरोबर खा, ज्या ठिकाणी ते तुला लहानपणी रविवारी न्यायचे तिथेच जा. फोन पिशवीत ठेव. हळू खा आणि कितव्या घासाला चव विरायला लागते ते बघ. माझा अंदाज आहे, आठव्या-दहाव्या घासाला. त्याच्या पुढचं आपण इतकी वर्षं चवीसाठी खातच नव्हतो, ते मला फार उशिरा कळलं. तुला ऑपरेशनच्या आधी कळलं तर पुढचे महिने सोपे जातील. कुठल्या दिवशी हात थांबलाच नाही, रात्री लपून खाल्लं गेलं, तर ते डाएटिशियनना आणि तिथल्या समुपदेशकांना सांग. ते रागावत नाहीत. त्यांना ठाऊक असलं तरच ते मदत करू शकतात.

नातेवाइकांचे फोन येतील. त्यांना सरळ सांग, जेवायला आत्ता नको, ऑपरेशननंतर मूगडाळीचं पाणी घेऊन या. माझ्या त्याच नणंदेनं दुसऱ्या वेळी पंधरा दिवस रोज गाळलेलं वरण डब्यातून आणलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तुला रडू येईल. भूक तितकीशी नसते, कारण घ्रेलिन हे भूक लावणारं हार्मोन तयार करणारा जठराचा भाग बराचसा गेलेला असतो. पण मन भुकेलं असतं. शेजारच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास आला आणि मी ओट्याला टेकून रडले होते. तसं झालं तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

पुरणपोळी मी मुद्दाम यादीतून काढली. माझ्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी होळी आली. जेवणात आधी अंडं खाल्लं, मग सासूबाईंनी पोळीचा चतकोर ताटलीत वाढला, वर तुपाची धार. मी नखाएवढा तुकडा मोडला आणि जिभेवर ठेवून नुसता चावत राहिले. वेलदोडा कळला, जायफळ कळलं, गूळ किंचित करपलेला होता तोही कळला. चार घास झाले आणि उरलेलं ह्यांच्या पानात टाकलं. तू स्लीव्ह करते आहेस म्हणून हे लिहिलं. जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना गोडानं घाम फुटतो, छाती धडधडते, त्यांनी आधी विचारून घ्यावं. तुझ्या आईला म्हणावं, पुढच्या होळीला एक चतकोर माझ्यासाठीही ठेवा.

शनिवारी सहा वाजता तुमच्या कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्यापाशी ये. मी तिथेच उभी असेन. तू पोटभर खा, मला शेवटची सुकी पुरी पुरते.

तुझी,
काकू

ता. क. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर 14 दिवसांचं डाएट सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेट. जेवण इतकं कमी झाल्यावर त्याच डोसनं साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस आपल्या मनानं बदलू नकोस, बंदही करू नकोस.