अर्धा, पण कशाचा?

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. १/२ + १/३ चं उत्तर ती हमखास २/५ काढते. समच्छेद करायची रीत दोनदा शिकवून झाली, तरी पुढच्या गणितात पुन्हा तेच.

रीत तूर्त बाजूला ठेवा. आधी तिलाच विचारा, २/५ अर्ध्याहून मोठे की लहान? पाचाचे अर्धे अडीच, म्हणजे २/५ अर्ध्यालाही पुरत नाहीत. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं! हे तिचं तिला दिसू द्या. तुम्ही दाखवून दिलंत तर दोन दिवस टिकेल.

मग चौकटींच्या वहीतून १२ चौकटींच्या तीन पट्ट्या कापा. एक अख्खी ठेवा. दुसरी मधोमध दुमडून अर्धी कापा, ६ चौकटी. तिसरीचे तीन सारखे भाग करून एक घ्या, ४ चौकटी. हे दोन तुकडे अख्ख्या पट्टीवर एकापुढे एक ठेवले की शेवटी दोन चौकटी उघड्या राहतात. १२ पैकी १० झाकल्या : १०/१२, म्हणजेच ५/६. पट्टी १० चौकटींची घेऊ नका, तिचे तीन भाग करताना चौकटी मोडतात आणि मूल तिथेच अडकतं. तिन्ही पट्ट्या अगदी एका लांबीच्याच हव्यात. एक जरी आखूड झाली तरी अर्धा नेमका कशाचा, हा घोळ सुरू होतो.

आता विचारा, २ मीटर आणि ३ सेंटीमीटर मिळून ५ काय? ती हसेल. छेद हेही तुकड्याचं नावच आहे, मीटर-सेंटीमीटरसारखं. नावं वेगळी असताना बेरीज होत नाही. समच्छेद करणं म्हणजे दोघांना एका नावावर आणणं, एवढं कळलं की मग रीत शिकवा.

प्रश्न : मुलगा २ मीटर ५ सेंटीमीटर हे २.५ मीटर असं लिहितो. वर सव्वा तास म्हणजे १ तास २५ मिनिटं म्हणतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच : एककाचे किती भाग होतात, हे तो बघत नाही. मीटरचे १०० सेंटीमीटर, म्हणून ५ सेंटीमीटर म्हणजे ५/१००, आणि उत्तर २.०५ मीटर. मोजपट्टी जमिनीवर पसरून २.०५ आणि २.५ या दोन्ही जागी त्याला खडूने खूण करायला लावा. मधलं अंतर ४५ सेंटीमीटर येतं. ते बघितल्यावर शून्य गाळताना हात थबकतो.

तासाचं तसं नाही, त्याचे भाग ६०. ‘सव्वा’ म्हणजे एक आणि त्याचाच पाव. म्हणून सव्वाशे म्हणजे १२५, सव्वा मीटर म्हणजे १२५ सेंटीमीटर, पण सव्वा तास म्हणजे ७५ मिनिटं. तीनही तोंडी विचारा, क्रम बदलून. पाऊण आणि दीडही याच धर्तीवर घ्या. पावणेदोन मात्र वेगळं शिकवावं लागतं. ‘दोन’ ऐकून मुलं ते दोनाच्या पुढचं समजतात, ते दोनाला पाव कमी असतं.

प्रश्न : एकक बदलताना गुणायचं की भागायचं, हे कसं लक्षात ठेवावं?

पाठ करून नको. एकक लहान झालं की तीच लांबी भरायला जास्त नग लागतात, संख्या वाढते. आकडेमोडीआधी ‘वाढणार की घटणार?’ एवढंच विचारा. क्षेत्रफळात मात्र जपून : १ चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौरस सेंटीमीटर. शंभराच्या शंभर रांगा बसतात.