जखमी जवानांसाठी जमवलेले पैसे कुठे द्यावेत?

नमस्कार. तुमच्या मंडळाने यंदा डीजे रद्द करून दीड लाख रुपये बाजूला ठेवले, ते जखमी जवानांना द्यायचेत आणि जमल्यास एखाद्या जवानाला स्टेजवर बोलावून चेक द्यायचाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी पैशाचं सांगतो.

सैन्यदलांच्या कारवाईत वीरमरण आलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या जवानांसाठी 'आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड' आहे. त्याची 'माँ भारती के सपूत' ही वेबसाइट २०२२ मध्ये सुरू झाली, तिथूनच पैसे भरा. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृहखात्याखाली येतात. त्यांच्या शहिदांच्या कुटुंबांसाठी २०१७ पासून 'भारत के वीर' ही देणगीची वेबसाइट आहे. मोठा हल्ला झाला की 'सैन्याच्या शस्त्रखरेदीसाठी उघडलेलं खातं' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. तो दावा दिशाभूल करणारा आहे हे सरकारने स्पष्ट केलंय, म्हणून फॉरवर्डमधल्या खाते क्रमांकावर एक रुपयाही टाकू नका.

पण तुम्ही 'जखमी' म्हणालात, म्हणून मी तुम्हाला खडकीचं नाव सुचवेन. पुण्यात खडकीला असलेलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून मणक्याला इजा होऊन कमरेखालून किंवा मानेखालून लुळे पडलेल्या जवानांना सांभाळतंय. शहिदाच्या घरी पहिल्या महिन्यात सगळे येतात आणि यायलाच हवेत. वाचलेल्या जवानाकडे मात्र दहा वर्षांनी कोण फिरकतं? त्याची लढाई रोजची असते. दर थोड्या वेळाने कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, कॅथेटरमुळे (लघवीसाठी घातलेल्या नळीमुळे) लघवीचा संसर्ग होतो, ताप येतो. हे सगळं विशी-पंचविशीत सुरू होतं आणि जन्मभर चालतं. शिवाय सगळेच गोळी लागून आलेले नसतात. कुणाची गाडी दरीत गेलेली असते, कुणी सुट्टीवर असताना पडलेला असतो. अशांपैकी अनेकांना 'बॅटल कॅज्युअल्टी'च्या, म्हणजे कारवाईतल्या जखमींच्या, निधीतून काही मिळत नाही, त्यामुळे खडकीला दिलेल्या देणगीला माझ्या लेखी जास्त मोल आहे. आधी फोन करून काय हवंय ते विचारा. फळं आणि शाली घेऊन जाणारे पुष्कळ असतात. चांगल्या गादीचा किंवा व्हीलचेअरच्या दुरुस्तीचा खर्च उचलणारे कमी.

थोडी रक्कम योग्य वेळी मिळाली तर काय होतं, याचं उदाहरण मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला हा सांगलीकडचा जवान उपचार म्हणून पोहायला लागला. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. तिथवर जाण्याच्या खर्चाला हातभार लावला तो क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी.

कुटुंबाला मदत करायची असेल तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी तिथेच जमा होतो, आणि तालुक्यात कुठल्या घरी अपंगत्व येऊन बोर्ड आउट झालेला, म्हणजे नोकरीतून घरी पाठवलेला, जवान आहे हेही त्यांना माहीत असतं. अशा घरी बहुतेक वेळा पैशाच्या आधी माणूस लागतो. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, बायकोचं नाव चुकलंय, 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचा दाखला भरता येत नाही, शंभर टक्के अपंगत्व असून अटेंडन्स अलाउन्सचा (सांभाळणाऱ्या माणसासाठीच्या भत्त्याचा) अर्जच केलेला नाही, अशा गोष्टींत वर्षं जातात. तुमच्या मंडळात बँकेतली, पोस्टातली मुलं असतीलच. दोघांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी त्या जवानाच्या बायकोचे सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडचे हेलपाटे वाचतील. नवऱ्याला उचलणं, आंघोळ घालणं, शेत, मुलं हे सगळं त्या एकट्या बघत असतात. तुमच्यातल्या गवंडीकाम करणाऱ्याने उंबऱ्याशी रॅम्प आणि कमोडची मोठ्या दाराची खोली करून दिली, तर त्या घराचं जगणंच बदलतं.

आता स्टेजचं. माझं मत विचाराल तर नको. मांडवाच्या स्टेजला पायऱ्या असतात, मग चौघं मिळून त्या माणसाला खुर्चीसकट उचलतात आणि समोर सगळे मोबाइल वर करतात. त्याला स्वतःला यायचं असेल, आणि मुलांशी बोलायचं असेल, तर कार्यक्रम जमिनीवर घ्या आणि त्याच्या सोयीची वेळ ठेवा.

पावती मंडळाच्या नावाने घ्या, ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, आहे का तेही विचारा. एकदम दीड लाख देण्याऐवजी दरवर्षी तीस-चाळीस हजार देता आले तर संस्थेशी बोलून बघा.