बुकमार्क केलाय, पण सापडत नाहीये!

प्रश्न: शेकड्यांनी बुकमार्क आहेत, फोल्डरमध्ये फोल्डर करून ठेवलेत, तरी हवी ती लिंक वेळेवर मिळत नाही, शेवटी परत सर्चच करते. काय चुकतंय?

उत्तर: फोल्डर जास्त झालेत, तेच चुकतंय. सेव्ह करताना आपण बघतो की हे कुठे ठेवू, आणि सहा महिन्यांनी शोधताना डोक्यात असतं की ते काय होतं बरं, या दोन्हीचा मेळ बसणार कसा? त्यामुळे फोल्डरपेक्षा नावावर मेहनत घ्या. कंट्रोल-डी दाबलं (मॅकवर कमांड-डी) की एक छोटा बॉक्स उघडतो, त्यात पानाचं नाव आपोआप आलेलं असतं आणि ते बऱ्याचदा काही कामाचं नसतं, नुसतं 'होम' नाहीतर वेबसाइटचंच लांबलचक नाव. ते सरळ खोडा आणि उद्या शोधताना तुम्ही स्वतः जे टाइप कराल ते लिहा, म्हणजे 'पीडीएफ जोडणे, लॉगिन नको' असं. नाव देवनागरीत दिलं तर शोधतानाही देवनागरीतच टाइप करावं लागतं, म्हणून मी एकदोन शब्द रोमन लिपीतही टाकून ठेवतो, दिसायला विचित्र दिसतं पण सापडतं!

आता शोधायचं कसं, तर फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये आधी * मग स्पेस आणि मग शब्द टाका, फक्त बुकमार्कच दिसतील. क्रोममध्ये @ लावून इंग्रजीत बुकमार्क्स टाइप करा आणि टॅब दाबा, पुढे तुमचा शब्द. फायरफॉक्सवाल्यांना टॅगही देता येतात, एकाच लिंकला दोन-तीन टॅग दिले तर ती कोणत्या फोल्डरात टाकू हा वादच मिटतो.

जुना पसारा आवरायला बसू नका हो. रविवार जाईल आणि हाती काही लागणार नाही. सगळं उचलून 'जुने' नावाच्या एका फोल्डरात टाका, सर्च तिथेही चालतो.

प्रश्न: सिंक चालू आहे, म्हणजे बॅकअप झालाच ना?

उत्तर: नाही, अजिबात नाही! सिंकचं काम सगळीकडे सारखं ठेवणं. फोनवर चुकून फोल्डर उडवला तर लॅपटॉपवरूनही उडतो, तेही इमानदारीत. नुकताच उडाला असेल तर कॉम्प्युटरवर बुकमार्क मॅनेजरमध्येच (ब्राउझरचं सगळे बुकमार्क दाखवणारं पान) लगेच कंट्रोल-झेड मारून बघा. फायरफॉक्स स्वतःहून अधूनमधून कॉपी काढून ठेवतो, तारखेनुसार ती परत आणता येते, फक्त आत्ता जे आहे ते पुसून जुनं येतं एवढं ध्यानात ठेवा.

पक्का उपाय म्हणजे बुकमार्क मॅनेजरच्या मेनूमधून एचटीएमएल फाइल एक्सपोर्ट करून दुसरीकडे ठेवणे. गंमत म्हणजे ती फाइल उघडली तर पहिल्याच ओळीत अजून 'नेटस्केप'चं नाव दिसतं, तो ब्राउझर २००८ मध्येच बंद झाला पण त्याचा फॉरमॅट आजही सगळे वापरतात, म्हणून कुठलीही फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते. मात्र तीच फाइल दोनदा इम्पोर्ट केली तर सगळं डबल होऊ शकतं.

प्रश्न: बुकमार्क आहे, पण पानच गायब. परत मिळेल का?

उत्तर: बुकमार्कमध्ये फक्त पत्ता असतो, मजकूर नाही. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार २०१३ मधली ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, तेव्हा तुम्ही एकटे नाही. ती लिंक कॉपी करून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) टाका, नशीब असेल तर जुनी प्रत मिळेल. आणि यापुढे खरंच महत्त्वाचं असेल ते कंट्रोल-पी करून पीडीएफ म्हणून सेव्ह करा. सगळंच नको, नाहीतर पीडीएफचा पसारा आवरायचा प्रश्न घेऊन परत याल.

प्रश्न: पन्नासेक टॅब कायम उघडे असतात, बंद करायची भीती वाटते.

उत्तर: कंट्रोल-शिफ्ट-डी. सगळे टॅब एका फोल्डरात जातात, त्याला आजची तारीख द्या आणि टॅब बंद करा. खरं सांगू, तो फोल्डर तुम्ही बहुधा उघडणारही नाही.

प्रश्न: घरात सगळे एकच कॉम्प्युटर वापरतो. प्रायव्हेट मोडमध्ये बुकमार्क केला तर इतरांना दिसत नाही ना?

उत्तर: दिसतो! विंडो बंद केल्यावर हिस्टरी जाते, बुकमार्क राहतो, आणि कुणी दोन अक्षरं टाइप केली की अ‍ॅड्रेस बारमध्ये वर येऊ शकतो. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा, आणि खूपच खासगी असेल तर कॉम्प्युटरवर वेगळा पासवर्डवाला युजरच काढा, कारण ब्राउझरचं प्रोफाइल कुणीही क्लिक करून उघडू शकतं.