विणकामाला डिझाइनचा दर्जा का मिळाला नाही?

विणकाम डिझाइनमध्ये न मोडता ‘बायकांची हौस’ का ठरले, याचे कारण ते काम कोणाच्या वाट्याला आले यात आहे. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला व डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने समानतेची ग्वाही दिली, तरी बहुतेक विद्यार्थिनींना विणकामाकडेच वळवले. अ‍ॅनी अल्बर्स या तिथल्याच विद्यार्थिनीला खरे तर काचकाम शिकायचे होते. १९३० मध्ये त्यांनी पदविकेसाठी, बेर्नाऊ येथील कामगार संघटनेच्या शाळेतील सभागृहाकरिता जे कापड विणले, त्याची सेलोफेनची (चकचकीत, पारदर्शक पातळ पापुद्र्याची) बाजू प्रकाश परावर्तित करी, तर शेनीलची (मऊ, लवदार धाग्याची) बाजू आवाज शोषून घेई. साहित्य आणि उपयोग यांचा इतकाच काटेकोर विचार पोलादी नळ्यांच्या खुर्चीत दिसला, की तिला निःसंकोच डिझाइन म्हटले गेले. कापडाला मात्र तो मान फार उशिरा मिळाला, आणि माझ्या मते हा उघड अन्याय आहे.