नेरळची टॅक्सी सोडून: माथेरानच्या वाटांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुंबईकराला डोंगर चढायला शिकायचं असेल तर माथेरानइतका सोयीचा डोंगर दुसरा नाही. त्यावर बरीच पत्रं आली. दोघातिघांनी "माथेरान म्हणजे घोडे, चिक्की आणि हनिमून, तिथे कसला ट्रेक?" असं सुनावलंय. त्यांनी खालची उत्तरं वाचून एखादा रविवार मोकळा ठेवावा.

ताई, आम्ही तिघे मित्र. राजमाची, कोरीगड झालेत. माथेरानला पायी जायच्या वाटा कुठल्या, आणि सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, अंधेरी)

माथेरानच्या पायथ्याशी जेवढ्या वाड्या, तेवढ्या वाटा. वर दूध, भाजी, करवंदं विकायला आणि हॉटेलांत कामाला जाणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांनी त्या मळलेल्या आहेत. आपण ट्रेकिंगच्या नावाखाली त्यांच्या ऑफिसच्या रस्त्यावरून चालतो. डोंगर साधारण दक्षिणोत्तर पसरलाय. पूर्वेला कर्जतची लोकल, दक्षिणेला चौक गाव, पश्चिमेला पनवेलच्या बाजूचं धोदाणी गाव आणि उत्तरेला पेबचा किल्ला, एवढं डोक्यात बसलं की नकाशा अर्धा पाठ झाला.

पहिल्यांदा भिवपुरी रोडला उतरून गारबेट पॉइंट करा. स्टेशनच्या पश्चिमेला निघायचं, पाली-भूतिवलीच्या धरणाशेजारून पुढे जाऊन सोंडेवर चढायचं, वर सागाची वाडी लागते. मग गारबेटचं मोकळं पठार आणि शेवटी धारेवरून पॉइंटपर्यंतचा चढ. रेल्वेपासून माथ्यापर्यंत सुमारे अडीच हजार फूट उंची गाठावी लागते, पण हात टेकायची वेळ क्वचितच येते. साडेतीन-चार तास धरा. गारबेटवरून बाजारापर्यंतची चाल वेगळी, ती लोक हिशेबात धरत नाहीत आणि मग जेवायला उशीर झाला म्हणून एकमेकांवर चिडतात.

एक गोष्ट मात्र पाळा. ही पूर्वेची बाजू आहे, सूर्य उगवला की थेट पाठीवर. पहाटेची कर्जत लोकल चुकवून साडेनवाला चालायला लागलात तर पठारावर पोचेपर्यंत भाजून निघाल. धोदाणीची बाजू पश्चिमेला, तिथे सकाळी बराच वेळ डोंगराची सावली असते. होळीनंतर जायचंच असेल तर मी धोदाणीच सांगेन. माणशी तीन लिटर पाणी घरून. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका.

चौकहून वन ट्री हिलच्या वाटेला दोर लागतो का? इंटरनेटवर कोणी "सोपी" म्हणतं, कोणी "जीवघेणी". (एक वाचक, डोंबिवली)

दोघंही खरं बोलतायत. एक डिसेंबरात गेला असेल आणि दुसरा जुलैत.

वन ट्री हिल ही मुख्य पठारापासून जराशी सुटलेली टेकडी. दोघांच्या मधून जी घळ खाली उतरते तिलाच पर्यटक शिवाजी लॅडर म्हणून ओळखतात. चौकहून आंबेवाडीकडे जायचं, तिथून पदरातलं, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरचं, रान ओलांडून घळीत शिरायचं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूनेच चढून गेला आणि त्याने माथेरान 'शोधलं' अशी नोंद झाली. वाडीवाल्यांना ते हरवलंय हे कोणी कळवलंच नव्हतं!

घळीच्या तळाशी मोठाले धोंडे आहेत. वर जाऊ तशी ती अरुंद होते, दोन्ही अंगांना कातळ येतो आणि शेवटच्या टप्प्यात हातांशिवाय भागत नाही. दसऱ्यानंतर दगड नीट सुकला की सवय असलेला माणूस दोराशिवाय चढून जातो. सोबत नवखे असतील तर दोर घ्या आणि तो बांधता येणारा माणूसही घ्या. सॅकच्या तळाशी गुंडाळून ठेवलेल्या दोराने आजवर कोणाला धरलेलं नाही. पावसात ही घळ म्हणजे ओढाच असतो, तेव्हा तिच्यात शिरायचंच नाही.

आता खरी गोष्ट, दगडाची. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय. काळा कातळ घट्ट असतो, पण दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी तांबूस, भुसभुशीत पट्टा असतो. तो आधी झिजतो, तिथे कपार तयार होते आणि नवख्याला नेमकी तीच पकड आवडते, कारण बोटं सहज आत जातात. तीच पकड हातात येते. म्हणून कुठल्याही दगडावर भार टाकण्याआधी तळहाताने दोनदा थोपटा. भरीव असेल तर आवाज बसका येतो, सुटलेला असेल तर पोकळ वाजतो. पकड खालच्या दिशेने दाबा, स्वतःकडे ओढू नका. दोन हात आणि दोन पाय मिळून चार, त्यातले तीन कायम दगडावर. गुडघा टेकवायचा मोह आवरा. गुडघ्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि तिथून उठताना तोल जातो. सुकलेलं गवत म्हणजे पकड नव्हे. कारवीचं झुडूप धरावंच लागलं तर अगदी बुंध्याशी धरा.

घळीत एकामागोमाग रांगेने चढू नका. एक जण वर जाईपर्यंत बाकीच्यांनी बाजूला, कातळाच्या आडोशाला थांबायचं. दगड सुटला की सुटला तसा "दगड!" म्हणून ओरडायचं, आणि खालच्याने काय आलं ते बघायला मान वर करायची नाही. माथ्यावर माकडं असतात, दगड तीही पाडतात आणि ती ओरडून सांगत नाहीत. हेल्मेट घाला. बाईकचं नको, त्याने वरचं काही दिसत नाही. गिर्यारोहणाचं हलकं मिळतं.

वर पोचलात की तिथेच चढाई संपली असं समजा. हात लावून चढलेली वाट उतरायला घेऊ नये, हा माझा हट्ट आहे. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही आणि गुडघे दमलेले असतात. दुसऱ्या डोंगरांवर पर्याय नसतो. माथेरानच्या डोक्यावर अख्खा बाजार आहे. चहा प्या, लाल मातीच्या रस्त्याने दस्तुरीला, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, या, टॅक्सीत बसून नेरळला उतरा. यासाठीच मी या डोंगराला सोयीचा म्हणते.

नेरळहून पेब चढून रेल्वेच्या रुळांवरून माथेरानला जाता येतं का? रुळांवरून चालणं चालतं का? (एक वाचक, ठाणे)

जाता येतं, आणि फार देखणी चाल आहे. पेब म्हणजेच विकटगड. नेरळहून चढ आहे, वरच्या टप्प्यात कातळ आणि शिडी आहे. किल्ला बघून पलीकडे उतरलं की माथेरानकडच्या डोंगराला लागतो आपण, तिथेही लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस. फोटो काढणाऱ्याने शिडीवरून नव्हे, शिडी संपल्यावर काढावा. पुढे कड्यावरच्या गणपतीपाशी रूळ लागतात.

रुळांवरून बरेच जण चालतात हे खरं, पण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा कायद्याने गुन्हाच आहे. नेरळ-माथेरानची छोटी गाडी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून हळूहळू येते म्हणून लोक तिला खेळणं समजतात. १९०७ पासून ती हा घाट चढतेय. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेल्यावर नेरळची गाडी थांबली होती, २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या काळातले ब्लॉग वाचून "गाडी बंदच असते" असं समजू नका. काही वळणांवर एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी आहे, गाडी आली तर उभं राहायला जागा नाही. त्यापेक्षा पेब करून नेरळलाच परत उतरा. माझ्या हट्टाचं काय, असं विचाराल; इथे अवघड जागी शिड्या आहेत, म्हणून ही सूट.

मला दृष्टिभय आहे, खाली दरी दिसली की भीती वाटते. घरचे सगळे जातात, मी खाली बसते. वय ४४. मला जमेल अशी वाट आहे का? (एक वाचक, मुलुंड)

आहे. धोदाणी ते सनसेट पॉइंट. गावकऱ्यांची रोजची वाट असल्याने ती रुळलेली आहे आणि बराच वेळ रानातून जाते, त्यामुळे दरी सारखी डोळ्यांसमोर येत नाही. वरच्या टप्प्यात चढ उभा होतो. तिथे खाली बघायचं नाही असं सगळे सांगतील. मी म्हणेन, पुढच्या दोन पावलांपुरतं बघा. घरच्यांपैकी एकाने तुमच्या मागे, दरीच्या बाजूने चालावं आणि "काही होत नाही गं" हे वाक्य दिवसभर उच्चारू नये. वर पोचल्यावर समोर प्रबळगड आणि त्याला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका दिसतो. तो बघून घरातलं कोणी "पुढच्या वेळी तिथे" म्हणालं तर त्याला पुढचं उत्तर वाचून दाखवा.

कलावंतीण जुलैमध्ये करायचा प्लॅन आहे. धुक्यात रील भारी येते. काही टिप्स? (एक विद्यार्थी, विलेपार्ले)

एकच टिप, बाळा. जुलैमध्ये जाऊ नकोस. कलावंतिणीच्या पायऱ्या उघड्या कड्यात खोदलेल्या आहेत, कठडा नाही, ओल्या झाल्या की शेवाळतात. सर्वांत वर कातळ चढावा लागतो. गर्दीत कोणी मधेच बसकण मारली की चढणारे-उतरणारे दोघेही अडकतात. पावसाळ्यात प्रशासन अशा जागांवर बंदी घालतं, ती लागू आहे का ते आधी बघायचं. शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली माणसं गेली. त्या पट्ट्यातला पाऊस काय असतो ते एवढ्यावरून ओळख. डिसेंबरात जा, दगड सुका असतो आणि आकाशही स्वच्छ. अत्तर, डिओ मारून जाऊ नकोस. या कड्यांना आग्या मोहोळं असतात.

बूट कुठले घेऊ? दुकानात बारा हजारांचे दाखवले. (एक वाचक, दादर)

बारा हजारांत घरच्या सगळ्यांचे येतील. अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंगचे बूट आपल्या कातळावर छान धरतात, सह्याद्रीत फिरणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं तेच वापरतात. तळ गुळगुळीत झाला की वरून कितीही नवे दिसले तरी बदला. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर आठवण येईल.

रविवारी संध्याकाळी नेरळहून परत येताना लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. काही उपाय? (एक वाचक, घाटकोपर)

उलटं कर्जतला जा, तिथून सुटणारी गाडी पकडा आणि बसून या. तिकीट मात्र आधी नेरळ ते कर्जत आणि मग कर्जत ते घाटकोपर असं रीतसर काढा. टीसी त्या गाडीला हमखास असतो, आणि चिखलाचे बूट बघून तो आपल्याचकडे आधी येतो.