वाचकांचे प्रश्न : रन जोरात घ्या, पण पोरांना स्टेजवर नको

प्रश्न : ताई नमस्कार. शिवाजी पेठेत आमचं मंडळ आहे, गणपती आणि फुटबॉल सोडून यंदा काहीतरी वेगळं करायचं म्हणून रंकाळ्यावर फन रन घेतोय, पैसे फोस्टर केअरमधल्या मुलांना. टी-शर्टवर त्या मुलांचे फोटो छापायचे, शेवटी त्यांना स्टेजवर बोलवून पाहुण्यांच्या हस्ते दप्तरं द्यायची असं मंडळातल्या पोरांचं म्हणणं आहे. एक मॅडम नको म्हणाल्या, का ते कळलं नाही. आणि आमच्या वहिनींना असं मूल घरी आणायचंय, म्हणजे दत्तकच ना?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : दादा, आधी तुमच्या मंडळाचं मनापासून कौतुक, आणि आता स्पष्ट सांगते, त्या मॅडमचं बरोबर आहे. फोटो नको, स्टेज तर अजिबात नको. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 आहे, अशा मुलांचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही बाहेर आलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा हो. मी एका कार्यक्रमात बघितलंय, नऊ-दहा वर्षांची पोरगी हातात दप्तर घेऊन उभी, फोटोग्राफर म्हणतोय वर बघ बाळा, आणि ती आपल्या चपलेच्या अंगठ्याकडेच बघतीय. दुसऱ्या दिवशी तिला त्याच वर्गात जाऊन बसायचं होतं, ह्याचा विचार तिथं कुणीच केला नव्हता.

त्या मुलांना पळायचं असेल तर पळू दे की! बाकीच्या पोरांसारखाच टी-शर्ट, तसाच नंबर, तेच लिंबू सरबत आणि गूळ-शेंगदाणे. फॉर्मवर 'अनाथ' असा रकाना ठेवू नका. तशी त्यातली बरीच अनाथ नसतातच, आई किंवा वडील असतात पण आजारपण, तुरुंग, व्यसन कशामुळं तरी सांभाळायच्या परिस्थितीत नसतात.

वहिनींचं उत्तर इथंच येतं. दत्तक म्हणजे मूल कायमचं त्या घरचं, नाव-वारसा सगळं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये दत्तक आले आणि आपले शाहू महाराज झाले, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगू! फोस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व, त्यात मूल बालकल्याण समितीच्या आदेशानं ठराविक काळ तुमच्या घरी वाढतं, सख्खे आईवडील त्याला भेटू शकतात आणि परिस्थिती सुधारली तर ते परतही जातं. 2024 च्या नव्या नियमांत एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं, आणि मूल कायद्यानं दत्तक देण्याजोगं असेल तर 2 वर्षांनी त्याच घराला दत्तक मागता येतं, आधी 5 वर्षं थांबायला लागायचं. वहिनींना जिल्हा बाल संरक्षण कक्षात पाठवा, ते घरी येऊन चौकशी करतात, घरातल्या सगळ्यांशी बोलतात. मूल परत जाऊ शकतं ह्याची मनाची तयारी आहे का, हे मात्र त्यांनी आधीच स्वतःला विचारावं, कारण लळा लागल्यावर ते लई जड जातं.

आता पैसे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून एका मुलामागं महिन्याला 4000 रुपये मिळतात, पण चष्मा, दाताचं काम, क्लासची फी, एखाद्याला फुटबॉलचे स्टड पाहिजेत, एवढं त्यात कुठं बसतंय? आणि 18 पूर्ण झाली की पोरांना खोलीचं डिपॉझिट, कोर्सची फी असा खरा खर्च लागतो, तिथं मदत करायला फार कमी लोक येतात. म्हणून सगळे पैसे दप्तरांवर घालवू नका, काय पाहिजे ते बाल संरक्षण कक्षाला विचारूनच ठरवा. पैसे नोंदणी असलेल्या ट्रस्टच्या खात्यावर घ्या, देणगीवर आयकराची सवलत पाहिजे असणाऱ्यांना 2000 च्या वर कॅश देऊ नका म्हणून आधीच सांगा. गणपतीच्या वर्गणीचा जमाखर्च फळ्यावर लावता तसाच ह्याचाही लावा, फक्त मुलांची नावं न घालता.

ट्रॅफिक पोलिसांची परवानगी आणि ॲम्ब्युलन्स ह्याचं तुम्हाला सांगायला नको, मिरवणुका काढणारी माणसं तुम्ही. तारीख ठरली की कळवा, आमच्या ऑफिसातनं आम्ही पाच-सहाजणी पळायला येतोय.