जालन्यातलं जुनं घर ऐन उन्हाळ्यात विकायला दाखवायचं आहे. ते कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की घर जालन्यात आहे, वडिलांनी १९९० च्या सुमारास बांधलेलं, सध्या बंद. तुम्ही पुण्याला असता आणि सुट्टी एप्रिल-मेमध्येच मिळते. दलालाचं म्हणणं, छताखाली पीओपीचं खोटं छत करा, नव्या टाइल टाका आणि अंगणातला कडुलिंब काढा म्हणजे घर मोकळं दिसेल. मी इकडेच घरांच्या डागडुजीची कामं घेतो, विक्रीला निघालेली घरंही त्यात असतात. या तिन्हींतलं एकही करू नका. मे महिन्यात घर बघायला आलेला आपल्याकडचा माणूस पाणी आणि गारवा बघतो. पैसा तिथे लावा.

आधी पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरची वाट बघत दिवस काढलेत, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. हे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे गिऱ्हाईक चप्पल काढता काढताच विचारतं, "पाण्याचं काय?" याला तोंडी उत्तर देऊ नका, दाखवा. हौद उपसून गाळ काढून घ्या, झाकण गंजलं असेल तर बदला. लांबी-रुंदी-खोली फुटांत मोजून गुणाकाराला २८ ने गुणलं की लिटर निघतात. आठ बाय सहा बाय पाचचा हौद म्हणजे पावणेसात हजार लिटरच्या आसपास. हा आकडा पाठ असू द्या. बोअर बंद पडून असेल तर सुरुवातीला गढूळ, गंजाचं पाणी येतं. दाखवायच्या आधी आठवडाभर रोज मोटर चालवा. गिऱ्हाइकासमोर ती न थांबवता अर्धा तास चालू ठेवा. बोअर किती फुटांवर आहे, केसिंग (आतला पाइप) किती टाकलंय, ही चिठ्ठी वडिलांच्या कागदांत सापडली तर सोन्याहून पिवळं. मेमध्ये धार बारीक होत असेल तर तेही सांगून टाका, शेजारी सांगणारच आहेत.

गच्चीचं पाणी हौदात किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात उतरवायचा पाइप नसेल तर तेवढा जरूर बसवा. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ६५,००० लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वजा केलं तरी हिशोब ऐकून माणूस थांबतो.

आता गारवा. एकमजली घराची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री जेवणं झाली तरी खाली आग ओकत असते. त्याला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मार्चमध्येच गच्ची घासून-धुऊन चुन्याचे दोन हात. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, पायाला लागू नये म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालायचा. दोन्ही हात संध्याकाळी द्या, उन्हात दिला तर पापुद्रे धरतो. आतून छताला हात लावला तरी फरक कळतो. पीओपीने थोडी उष्णता अडते हे खरं आहे, पण तुमच्या घराची उंची हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे, ती झाकून टाकायची नाही. भिंतींना बाहेरून पांढराशुभ्र रंगही नको. उन्हात डोळ्यांवर येतो आणि पहिल्याच वावटळीत मळकट होतो. फिकट बदामी बरा.

कूलर असेल तर जुन्या गवताच्या ताट्या टाकून नव्या घाला, त्या कुबट वासानेच माणूस नाक मुरडतो. गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी तो लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दमट हवा बाहेर गेली नाही तर खोलीत चिकचिक होते. मेच्या कोरड्या हवेत कूलर जे काम करतो ते जुलैत करत नाही, म्हणजे तुमचा मोसम त्या बाबतीत चांगलाच आहे.

फरशीबद्दल मला फार पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. त्या काळच्या घरांत मोझॅक असते, ओट्यावर आणि मोरीत शहाबादी. दोन्ही पायाला गार लागतात. मशीनने घासून पॉलिश केली की मोझॅक इतकी उजळते की नव्या टाइलचा विचारही मनात येत नाही, शिवाय खर्च कमी. पण बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार काढायला कोणालाही ॲसिड ओतू देऊ नका. शहाबादी हा चुनखडीचाच दगड, ॲसिड पडलं की फेसाळतो आणि खडबडीत होतो, ते परत जुळून येत नाही. मोझॅकमध्येही संगमरवराची खडी असते, तिचीही तीच गत. नळांवरचे क्षार लिंबाच्या फोडीने चोळले तरी निघतात.

भिंतींना भेगा असतीलच. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते ती बहुधा त्यामुळे. बारीक रेषा बुजवा. मोठीवर पुट्टी मारून रंग देऊ नका, मेपर्यंत ती पुन्हा तोंड वर काढते आणि मग माणसाला वाटतं की लपवाछपवी चालली आहे. दिवाळी नुकतीच झालीय, माती वाळायला लागलीय. आत्ताच त्या भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी बसवा, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करा, खाली तारीख लिहा. मेमध्ये जमीन पूर्ण आकसलेली असताना काच शाबूत असेल, म्हणजे भेग वाढली नसेल, तर गिऱ्हाइकाला तीच दाखवा. फुटली असेल तर इंजिनिअरला बोलवा आणि किमतीची बोलणी तो काय म्हणतो ते बघून करा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे वरवर न दिसणारे पण माहीत असलेले मोठे दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

कडुलिंब राहू द्या. शहरात झाड तोडायला पालिकेची परवानगी लागते हे आहेच, पण मे महिन्यात गिऱ्हाइकाची गाडी त्याच सावलीत लागणार आणि सौद्याची अर्धी बोलणीही तिथेच होणार. बुंध्याला गेरू-चुन्याचा पट्टा द्या, खाली दोन खुर्च्या टाका. लॉन लावू नका, पाण्याला महाग झालेल्या गावात ते खटकतं. बोगनवेल, कोरफड, तुळशीपाशी एखादा मोगरा पुरे.

पहिल्यांदा घर दाखवायचं ते सकाळी आठ ते दहा. तोवर खिडक्या उघड्या ठेवून नंतर पडदे ओढून घ्या. ज्याला घर खरंच आवडलंय तो दुपारी तीनला पुन्हा येतो, त्याला आनंदाने येऊ द्या, चुन्याचा खर्च त्यासाठीच केलेला आहे. मात्र दाखवायच्या आधी निदान आठ-दहा दिवस घरात कोणीतरी राहायला हवं. बंद घराची धूळ झाडूने नुसती उडते आणि परत बसते, रोज ओल्या फडक्याने पुसली तरच जाते. अक्षय्य तृतीयेला इसार द्यायची इच्छा बऱ्याच जणांना असते, म्हणून गच्ची आणि फरशीची कामं गुढीपाडव्यापर्यंत हातावेगळी करा. भेगेचे फोटो इथे टाकलेत तर बघून सांगेन.